अमेरिकेतली पिस्तुले आणि पन्नास राज्यांचे कायदे : प्रस्तावना

अमेरिकेत पिस्तुलाचा कायदा काय आहे, असे महाराष्ट्रातून कुणी विचारले की उलट विचारावे लागते : कोणत्या राज्यातला? आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा गडचिरोलीला लागू आहे तसाच गुवाहाटीला. परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि निवडणूक जाहीर झाली की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. परवाना मिळेल की नाही हे बरेचसे अधिकाऱ्यावर असते, पण नियम कोणत्या पुस्तकात शोधायचा हे तरी पक्के ठाऊक असते. अमेरिकेत केंद्राचा कायदा पायापुरता आहे. त्यावरच्या भिंती, दारे आणि कुलुपे ज्या त्या राज्याची. एका राज्यात सकाळी कायदेशीरपणे कमरेला लावलेले पिस्तूल दुपारी दुसऱ्या राज्यात तुरुंगाचे कारण ठरू शकते.

हे पुस्तक राज्यांच्या त्या कायद्यांविषयी आहे. त्यातही, पिस्तूल बाळगणाऱ्या साध्या माणसावर त्यांचा काय परिणाम होतो, त्याविषयी. अमेरिकेतल्या बंदुका आपल्या वर्तमानपत्रांत येतात त्या एखाद्या शाळेत गोळीबार झाला की. मग आठवडाभर दोन बाजूंची खडाजंगी चालते : बंदुका काढून घ्या म्हणणारे एकीकडे, हक्काला हात लावाल तर याद राखा म्हणणारे दुसरीकडे. या दोघांच्या मध्ये कोट्यवधी माणसे आहेत, ज्यांच्या कपाटात एखादे पिस्तूल आहे. रात्रपाळी करून एकटी घरी परतणारी नर्स, महामार्गालगत दुकान चालवणारा, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून वेगळी राहणारी बाई, रविवारी रेंजवर नेमबाजी करणारा निवृत्त शिक्षक. कायदा यांच्या दाराशी कोणत्या रूपात येतो, हे पाहिल्याशिवाय तो चांगला की वाईट हे सांगता येत नाही, असे मला वाटते.

माझे मत आधीच सांगून टाकते. पिस्तुलाला परवाना असायलाच हवा. पण जे सरकार परवाना मागते त्याने तो ठरल्या मुदतीत दिला पाहिजे, नियम साध्या माणसाला वाचून कळले पाहिजेत, आणि नकळत झालेल्या चुकीला दरोडेखोराची शिक्षा होता कामा नये. एवढे ज्या कायद्याला जमत नाही, तो कितीही चांगल्या हेतूने केलेला असो, त्यात सरळ माणूस सापडतो आणि ज्याला रोखायचे तो निसटतो. त्याला मुळात परवाना काढायचाच नसतो.

पिस्तुलावरच भर का, तर रायफल लपत नाही आणि पिस्तूल खिशात मावते. बंदुकीने होणाऱ्या हत्यांत ज्या शस्त्रांचा प्रकार कळतो त्यांत बहुतांश पिस्तुलेच असतात. म्हणून रायफलीबाबत सैल असलेली राज्येही पिस्तुलाबाबत हात आखडतात. या पुस्तकात रिव्हॉल्वरही पिस्तुलातच धरले आहे. कायदाही बहुतेक ठिकाणी तसेच धरतो.

आधी पाया पाहू. १९६८ चा केंद्रीय कायदा दुकानदाराला परवाना सक्तीचा करतो, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला शस्त्र बाळगायला मनाई करतो आणि एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला दुकानातून पिस्तूल विकू देत नाही. शिवाय पिस्तूल आपल्या राज्याबाहेरच्या दुकानातून थेट विकत घेता येत नाही. आवडलेच तर ते आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवून तिथून घ्यावे लागते. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला तेव्हा त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली. त्यांच्या नावाचा कायदा १९९३ मध्ये झाला, आणि १९९८ पासून प्रत्येक दुकानदाराला विक्रीआधी ग्राहकाची नोंद सरकारी यंत्रणेकडून तपासून घ्यावी लागते. पण एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांत व्यवहार झाला तर केंद्र तपासणीची सक्ती करत नाही. ही फट बुजवायची की उघडी ठेवायची, ते राज्यांनी ठरवायचे.

आता भिंतींकडे. फिलाडेल्फिया आणि कॅम्डेन या दोन शहरांच्या मधून डेलावेअर नदी वाहते. बेंजामिन फ्रँकलिन पुलावरून गाडीने काही मिनिटांत पलीकडे जाता येते. रोज हजारो लोक नोकरीसाठी हा पूल ओलांडतात. नदीच्या एका तीरावर पेनसिल्व्हेनिया राज्य आहे, दुसऱ्या तीरावर न्यू जर्सी.

पेनसिल्व्हेनियात एकवीस पूर्ण झालेला, नोंद स्वच्छ असलेला माणूस दुकानात जातो, फॉर्म भरतो, दुकानदार राज्य पोलिसांच्या यंत्रणेकडून खात्री करून घेतो, आणि सगळे ठीक असेल तर त्याच दिवशी पिस्तूल घेऊन बाहेर पडतो. ते कपड्याखाली लपवून बाळगायचे असेल तर काउंटीच्या शेरिफकडून परवाना घ्यायचा : वीस डॉलर, पाच वर्षांची मुदत, आणि अर्जाचा निकाल पंचेचाळीस दिवसांत लावण्याचे बंधन. फिलाडेल्फिया शहरात मात्र उघडपणे बाळगायलाही परवाना लागतो, बाकी राज्यात लागत नाही. म्हणजे एका राज्याच्या पोटातही दोन नियम आहेत.

पूल ओलांडून न्यू जर्सीत या. तिथे पिस्तूल विकत घेण्यासाठीच आधी परवानगी लागते, आणि ती एकेका पिस्तुलासाठी वेगळी. अर्ज स्थानिक पोलिसांकडे करायचा. बोटांचे ठसे द्यायचे, ओळखीच्या दोन माणसांची नावे द्यायची, आपल्या मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती द्यायची. मिळालेली परवानगी नव्वद दिवस चालते, आणि तीस दिवसांत एकच पिस्तूल घेता येते. एवढे करून हाती येते ते फक्त घरात, दुकानात किंवा रेंजवर ठेवण्या-नेण्यापुरते. ते बाहेर अंगावर बाळगायचे तर आणखी एक परवाना लागतो, आणि तो २०२२ पर्यंत सामान्य माणसाला जवळपास मिळतच नसे. पेनसिल्व्हेनियाच्या शेरिफने दिलेल्या परवान्याला इथे कागदाचीही किंमत नाही. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणे हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे, त्याला पाच ते दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि तिचा मोठा भाग पॅरोलशिवाय भोगण्याची सक्तीही.

मॅगझीनचेही तसेच. ग्लॉक १७ हे अमेरिकेत अत्यंत खपणारे पिस्तूल कारखान्यातून सतरा काडतुसांच्या मॅगझीनसह येते. पेनसिल्व्हेनियात ते तसेच चालते. डेलावेअरने २०२२ मध्ये मर्यादाच सतरा ठेवली, म्हणून तिथेही चालते. न्यू जर्सीने २०१८ मध्ये मर्यादा पंधरावरून दहावर आणली. तिथे पिस्तुलाची कागदपत्रे बिनचूक असली तरी त्या मॅगझीनपायी माणूस आरोपी होतो.

२०१३ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाची एक तरुण आई रात्री गाडीने अटलांटिक सिटीच्या दिशेने निघाली होती. दोनदा लुटली गेल्यामुळे तिने पिस्तूल घेतले होते, पेनसिल्व्हेनियाचा परवानाही काढला होता. लेन बदलताना चूक झाली म्हणून न्यू जर्सीच्या पोलिसाने गाडी थांबवली. तिने आपणहून सांगितले की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा माझा परवाना. प्रामाणिक परवानाधारकाने जे करावे असे शिकवतात, तेच तिने केले. तिला अटक झाली, महिन्याहून अधिक काळ ती कोठडीत होती, आणि किमान साडेतीन वर्षे तुरुंगात काढण्याची वेळ तिच्यावर येऊन ठेपली. त्याच काउंटीत त्याच सुमारास एका नामवंत फुटबॉलपटूने कॅसिनोच्या लिफ्टमध्ये होणाऱ्या बायकोला बेशुद्ध पडेपर्यंत मारले होते, आणि त्याला मात्र खटला टाळून समुपदेशनाच्या वाटेने जाण्याची सवलत मिळाली होती. लोकांचा संताप झाल्यावर २०१४ मध्ये तीच सवलत हिलाही मिळाली, आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला पूर्ण माफी दिली. ती सुटली याचा आनंद आहेच. पण राज्याच्या प्रमुखाला माफीचा अधिकार वापरून दुरुस्त करावा लागतो, तो दोष कायद्यातच आहे. जिच्यासाठी कुणी आवाज उठवला नाही अशा बाईचे काय होत असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

प्रवाशांसाठी केंद्राने १९८६ मध्ये एक संरक्षण दिले आहे. जिथून निघालात आणि जिथे पोचणार, त्या दोन्ही ठिकाणी पिस्तूल कायदेशीर असेल, ते रिकामे असेल आणि हाताला लागणार नाही असे बंद ठेवले असेल, तर मधल्या राज्यांचा कायदा आड येत नाही. वाचायला सोपे आहे. युटाचा एक प्रवासी २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला निघाला होता. नेवर्कला विमान उशिरा पोचले, पुढचे सुटले. सामानाच्या गोंधळात त्याने बॅग ताब्यात घेतली, रात्र हॉटेलात काढली आणि सकाळी विमानतळावर नियमाप्रमाणे सांगितले की बॅगेत पिस्तूल आहे. त्याला न्यू जर्सीच्या कायद्याखाली अटक झाली. पुढे आरोप मागे घेण्यात आले, पण त्याने अटकेविरुद्ध दावा लावला तेव्हा अपील न्यायालयाने २०१० मध्ये तो फेटाळला : रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून संरक्षण लागू नाही. बॅग ताब्यात घेण्याआधी विमानतळावरच्या पोलिसांकडे जायला हवे होते, असे न्यायाधीशांनी सुचवले. कायदेपंडिताला ते सुचते. रात्री विमान चुकलेल्या माणसाला सुचत नाही.

राज्याच्या आतदेखील वाट अरुंद आहे. न्यू जर्सीत बाळगण्याचा परवाना नसलेल्या मालकाला पिस्तूल घरून रेंजवर किंवा दुकानात नेता येते, मात्र ते रिकामे, बंद पेटीत किंवा डिकीत कुलूपबंद हवे, आणि परिस्थितीनुसार वाजवी गरज असेल तेवढीच वाट वाकडी करता येते. ‘वाजवी गरज’ म्हणजे काय? पेट्रोल भरणे बसेल. कॉफीला थांबणे बसेल का? परतीच्या वाटेवर आईला डॉक्टरकडून घेणे? याचे उत्तर आधी मिळत नाही, पकडले गेल्यावर न्यायालयात मिळते. त्यामुळे जाणकार मालक रेंजवरून निघाला की थेट घर गाठतो, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो नकळत गुन्हा करून बसतो.

विलंबाविषयी या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, कारण कायद्याचा खरा जाच कलमांपेक्षा टेबलावर पडून राहिलेल्या अर्जांत असतो. न्यू जर्सीतल्या बर्लिन टाउनशिपमधल्या एका बाईला तिचा पूर्वीचा मित्र छळत होता. तिने न्यायालयाकडून त्याच्याविरुद्ध मनाई आदेश घेतला, घराला कॅमेरे लावले आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये पिस्तुलासाठी अर्ज केला. कायद्याप्रमाणे तीस दिवसांत निर्णय व्हायला हवा होता. तो झाला नाही. मृत्यूच्या दोन दिवस आधी अर्जाचे काय झाले हे विचारायला ती पोलीस ठाण्यात जाऊन आली होती. ३ जूनला त्या माणसाने तिला घरासमोर चाकूने भोसकून मारले. पिस्तूल असते तर ती वाचली असती, असे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. घरातल्या हिंसाचारात बंदूक आली की बाईचा जीव अधिक धोक्यात येतो, हे अभ्यासांनी दाखवले आहे. पण ती तुलना करण्याचा अधिकार तिचा होता. सरकारने स्वतःच घालून घेतलेली मुदत पाळली असती तर तिला निवड तरी करता आली असती.

विलंबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कॅलिफोर्नियात पिस्तूल विकत घेतल्यावर दहा दिवस थांबावे लागते. ज्याच्या डोक्यात त्या क्षणी मरायचे किंवा मारायचे आहे, त्याला हे दहा दिवस परत माणसांत आणू शकतात. म्हणजे जो थांबा एकाचा जीव वाचवतो तोच दुसऱ्याला धोक्यात ठेवतो. मला यातून दिसणारा मार्ग असा : थांबा ठेवावा, पण ज्याच्या हाती न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे त्याचा अर्ज ढिगाच्या वर आला पाहिजे आणि त्याचे उत्तर दिवसांत मिळाले पाहिजे. यासाठी नवे तत्त्वज्ञान लागत नाही. चार जादा कारकून लागतात.

आता २०२२ च्या निकालाकडे येते, कारण या पुस्तकातली अर्धी प्रकरणे त्यामुळे पुन्हा लिहावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात ठरवले होते की १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती व्यक्तीला घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क देते. हेलर हे वॉशिंग्टनमध्ये सशस्त्र पहारेकरी होते : कामावर पिस्तूल बाळगायचे आणि घरी ठेवायची मात्र मनाई. २०१० मध्ये शिकागोच्या ओटिस मॅकडोनाल्ड या निवृत्त कृष्णवर्णीय गृहस्थांच्या खटल्यात तोच हक्क राज्यांवर बंधनकारक झाला. प्रश्न राहिला तो घराबाहेरचा. न्यूयॉर्कमध्ये १९११ च्या सुलिव्हान कायद्यात १९१३ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून बाहेर बाळगण्याचा परवाना हवा असेल तर ‘सबळ कारण’ दाखवावे लागे, आणि कारण सबळ आहे की नाही हे अधिकारी ठरवी. २३ जून २०२२ च्या ब्रूएन निकालाने ही अट रद्द झाली. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, हवाई या राज्यांतल्या तशाच अटीही एका फटक्यात कोसळल्या.

या निकालाचे वर्णन बहुधा उजव्यांचा विजय असे होते. पण त्या खटल्यात ब्राँक्समधल्या गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या वकिलांनीही न्यायालयाला निवेदन दिले होते, आणि तेही सुलिव्हान कायद्याविरुद्ध. परवान्याविना पिस्तूल बाळगले म्हणून ज्यांच्यावर खटले होतात ते आमचे अशील जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक असतात, असे त्यांनी मांडले. मर्जीवर दिलेला परवाना ओळख असलेल्याला मिळतो आणि ओळख नसलेल्याच्या हातात बेड्या पडतात. १९५६ मध्ये मॉन्टगोमेरीत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब फेकला गेला. त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला आणि तो नाकारला गेला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याचे कारण सबळ नव्हते, तर कुणाचे असणार होते? अहिंसेचा पुरस्कर्ता म्हणून किंग यांना मानणाऱ्या आपल्या वाचकांना हा तपशील अडचणीचा वाटेल, पण तो खरा आहे. अधिकाऱ्याच्या मर्जीला माझा विरोध इथूनच सुरू होतो. परवान्याला नाही, मर्जीला.

ब्रूएननंतर यांतल्या काही राज्यांनी दुसरे टोक गाठले. न्यूयॉर्कने १ सप्टेंबर २०२२ पासून सोळा तासांचा वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष सराव सक्तीचा केला, आणि टाइम्स स्क्वेअरसह असंख्य जागा संवेदनशील म्हणून पिस्तुलाला बंद केल्या. न्यू जर्सीने त्याच वर्षी डिसेंबरात बाळगण्याच्या परवान्याचे शुल्क दोनशे डॉलर केले आणि ओळखीच्या चार माणसांची साक्ष मागितली. शिक्षणाची अट मला योग्य वाटते. गाडी चालवायलाही आपण परीक्षा देतो. पण शुल्क, वर्गाची फी, रेंजचे भाडे, ठशांचा खर्च आणि बुडालेल्या दिवसांची मजुरी मिळून ती रक्कम ज्या नर्सचा मी वर उल्लेख केला तिला परवडत नाही, आणि उपनगरातल्या वकिलाला ती जाणवतही नाही. धोका कुणाला जास्त आहे हे पाहिले तर ही वाटणी उलटी आहे.

दुसरीकडे एकोणतीस राज्यांनी परवान्याची अटच काढून टाकली आहे. व्हरमाँटमध्ये ती विसाव्या शतकाच्या आरंभापासून नव्हती. अलास्काने २००३ मध्ये, अ‍ॅरिझोनाने २०१० मध्ये, टेक्सासने २०२१ मध्ये, फ्लोरिडाने २०२३ मध्ये ती सोडली. तिथला मालक मोकळा झाला असे दिसते. पण प्रवासाला निघाला की त्याला कळते की ज्या शेजारी राज्यांत बाहेरच्यांचा परवाना चालतो, तिथे दाखवायला आपल्याकडे परवानाच नाही. म्हणून यातल्या अनेक राज्यांत आजही लोक आपणहून परवाना काढतात. आणि सक्ती गेल्यावर शिक्षणही जाते : काडतूस चेंबरमध्ये आहे की नाही हे तपासायला कुणी शिकवलेच नाही, असा माणूस कमरेला भरलेले पिस्तूल लावून बाजारात जातो. टेक्सासमध्ये आधी हा वर्ग सक्तीचा होता. तो काढून त्या राज्याने आपल्याच मालकांचे नुकसान केले, असे मी म्हणेन.

तंत्राचे कायदे हा वेगळाच विषय आहे. कॅलिफोर्नियात दुकानदाराला फक्त सरकारी यादीतली नवी पिस्तुले विकता येतात. यादीत यायला चाचण्या आणि सुरक्षेच्या सोयी लागतात, इथवर ठीक. पण २०१३ पासून आणखी एक अट अमलात आली : गोळी झाडताच पिस्तुलाची खूण काडतुसाच्या पुंगळीवर सूक्ष्म अक्षरांत उमटली पाहिजे. असे पिस्तूल एकाही कंपनीने बाजारात आणले नाही. परिणामी त्यानंतरची दहा वर्षे एकही नवे सेमी-ऑटोमॅटिक मॉडेल यादीत शिरले नाही. ग्लॉकची चौथी आणि पाचवी पिढी आली, कॅलिफोर्नियाचा ग्राहक तिसऱ्याच पिढीचे पिस्तूल घेत राहिला. पोलिसांना मात्र यादीचे बंधन नाही. सुरक्षेसाठी केलेली यादी लोकांना जुन्या बनावटीवर थांबवते, हे समजावून सांगणे अवघड आहे. २०२३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने त्यातल्या अटींना चाप लावला तेव्हा कुठे काही नवी मॉडेल्स आली.

न्यू जर्सीचे उदाहरण याहून बोलके आहे. २००२ मध्ये तिथे कायदा झाला की मालकाशिवाय कुणाच्याच हातून न उडणारे ‘स्मार्ट’ पिस्तूल देशात कुठेही विक्रीला आले की तीन वर्षांनी राज्यात तशीच पिस्तुले विकायची. हेतू मुलांचे जीव वाचवण्याचा होता. पण त्यामुळे स्मार्ट पिस्तूल विकणारा पहिला दुकानदार सगळ्या न्यू जर्सीकरांची बाकीची पिस्तुले बंद करणार, असा अर्थ झाला. २०१४ मध्ये मेरीलँडच्या एका दुकानदाराने असे जर्मन पिस्तूल विकायचे ठरवताच त्याला ठार मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने माघार घेतली. धमक्या देणाऱ्यांचा धिक्कारच केला पाहिजे. पण ज्या पिस्तुलासाठी कायदा केला, तेच त्या कायद्यामुळे सगळ्या देशात अडले, हेही खरे. २०१९ मध्ये न्यू जर्सीने तो बदलला. मधल्या सतरा वर्षांत किती मुलांच्या हाती घरातले भरलेले पिस्तूल लागले असेल, या विचाराने मन विषण्ण होते.

मग कोणता कायदा उपयोगी पडतो? अमेरिकेत २०२३ साली बंदुकीने ४६,७२८ माणसे मेली. त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. वर्तमानपत्र वाचून हे लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगते : पिस्तूल बाळगणाऱ्या घराला सर्वात मोठा धोका बाहेरच्या चोराकडून नसतो. मुलांच्या हाती शस्त्र लागू नये म्हणून ते कुलुपात ठेवायला लावणारे कायदे तरुणांच्या आत्महत्या आणि अपघात कमी करतात, असा निष्कर्ष रँड या संस्थेने अनेक अभ्यास तपासून काढला आहे. कनेक्टिकटने १९९५ मध्ये पिस्तूल खरेदीला परवाना लावला, मिसूरीने २००७ मध्ये तो काढला. पहिल्या राज्यात बंदुकीच्या हत्या घटल्या आणि दुसऱ्यात वाढल्या, असे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडले. त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेणारेही आहेत. मला हा पुरावा परवान्याच्या बाजूने पुरेसा वाटतो, पण तो मर्जीच्या, विलंबाच्या किंवा यादीच्या बाजूचा पुरावा नाही, हे परवान्याच्या समर्थकांनी विसरू नये.

आपल्या माणसांविषयी थोडे. एडिसन, प्रिन्स्टन, फ्रीमाँट, ह्यूस्टन इथे हजारो मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांतली बरीच एच-१बी व्हिसावर. एच-१बीवर असलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने पिस्तूल विकत घेणेच काय, हातात घेणेही सर्वसाधारणपणे मना आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत. शनिवारी मित्रांबरोबर रेंजवर जाऊन भाड्याच्या पिस्तुलाने चार गोळ्या झाडणे आणि त्याचा फोटो टाकणे हा आपल्या पोरांना गंमतीचा भाग वाटतो. कायद्याच्या नजरेत तो बेकायदा ताबा ठरू शकतो. ग्रीन कार्डवाल्याला पिस्तूल घेता येते, पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढता येते. फिलाडेल्फियाच्या त्या आईने केलेली चूक एखाद्या ग्रीन कार्डधारक मराठी बाईने केली असती, तर तुरुंगानंतर मुंबईचे विमान हाच तिचा शेवट होऊ शकला असता. या विषयावर मंडळांत कुणी बोलत नाही, कारण बंदूक आपल्या घरात नसते असे आपण धरून चालतो. आता ती काही घरांत आहे.

या पुस्तकात राज्यनिहाय नियम दिले आहेत, पण ते छापेपर्यंत यातले काही बदललेले असतील. ब्रूएननंतर न्यायालये वर्षाला कितीतरी तरतुदी उडवत आणि परत बसवत आहेत. म्हणून पुस्तक दिशा समजण्यासाठी वाचावे, पाऊल टाकण्याआधी त्या राज्याच्या पोलिसांचे संकेतस्थळ पाहावे आणि शंका असेल तर वकिलाला विचारावे. वकिलाची एका तासाची फी जामिनापेक्षा स्वस्त पडते.

पिस्तूल बाळगणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. ते रिकामे करून कुलुपात ठेवा, काडतुसे वेगळ्या कुलुपात. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम पाहा, मॅगझीन मोजा, आणि विमान चुकले तर बॅग ताब्यात घेण्याआधी विमानतळावरच्या पोलिसांना गाठा. घरात कुणी खचलेले असेल, बोलेनासे झाले असेल, तर पिस्तूल त्याच दिवशी घराबाहेर काढा. ते मित्राकडे ठेवायला काही राज्यांत मनाई आहे. कुठल्या राज्यात पोलीस ठाणे ते सांभाळते आणि कुठे दुकानदार, हे शेवटच्या परिशिष्टात दिले आहे. बाकीचे पुस्तक वाचायला वेळ नसेल तर ते परिशिष्ट तेवढे आधी वाचा.